शाळेत वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र का होतो?

लक्षण बहुतेक शाळांत सारखंच दिसतं. जूनमध्ये शाळा उघडते, वृक्षारोपणाच्या आठवड्यात कुणीतरी एक हिरवा आणि एक निळा डबा आणून देतं. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत "ओला कचरा, सुका कचरा" अशा घोषणा होतात. २ ऑक्टोबरला सगळ्यांच्या हातात झाडू येतो, फोटो ग्रुपवर जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या दोन्ही डब्यांत डोकावून बघा. दोन्हीकडे चिप्सची पाकिटं, वहीची फाटकी पानं, भाताची शितं आणि निंबाचा पाला. आठवड्यातून एक-दोनदा शाळेच्या मागच्या भिंतीजवळ धूर निघतो. पुढच्या जूनमध्ये नवे डबे येतात.

मी जळगाव जिल्ह्यात केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची देखरेख करणारी म्हणून काम करते. शाळाभेटीला गेले की वर्गाआधी मागची भिंत बघते, कारण शाळेचं खरं काय चाललंय ते तिथं कळतं. धुळे-नंदुरबारकडच्या सहकाऱ्यांशी बोलताना हीच तक्रार निघते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बैठकीत कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मुलांना सवय नाही, पालकांना कळत नाही. मला हे पटत नाही. पहिलीतली मुलं महिन्याभरात चपला ओळीत काढायला शिकतात, ताट धुऊन जागेवर ठेवायला शिकतात. अडतं दुसरीकडं. डबा भरल्यावर तो कुठं रिकामा करायचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं. ओला डबाही मागच्या भिंतीजवळ आणि सुका डबाही तिथंच. चौथीतल्या एका मुलीनं मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, गाडीमा त सगळं एकच व्हई जास." म्हणजे कचऱ्याच्या गाडीत तर सगळं एकच होऊन जातं. तिचं बरोबर होतं. मोठी माणसं पुढं एकत्र करणार हे दिसत असताना मुलांनी वेगळं का करावं?

म्हणून दुरुस्ती शेवटाकडून सुरू करा. प्रत्येक प्रकारचा कचरा अखेर कुठं जाणार ते आधी नक्की करा आणि मगच त्याचा डबा ठेवा. ज्या कचऱ्याचं ठिकाण ठरलेलं नाही, त्याचा डबा ठेवू नका. डब्यांचे रंग, पोस्टर, घोषणा हे सगळं त्यानंतर.

पहिलं काम: एका दिवसाचा कचरा पसरून बघा

एक जुनी ताडपत्री अंगणात टाका आणि शाळा सुटायच्या आधी त्या दिवसाचा सगळा कचरा तिच्यावर ओता. चौथी-पाचवीच्या मुलांना लांब काडी द्या. काच, ब्लेड, टाचणी आधी शिक्षकांनी बाजूला काढावी. मग ढीग करा: अन्न, पाला, कागद, पुठ्ठा, बाटल्या, पाकिटं, उरलेलं. आहाराचं धान्य मोजायचा काटा शाळेत असतोच. त्यावर प्रत्येक ढीग स्वच्छ पिशवीत घालून तोला आणि आकडे फळ्यावर लिहा. हाच तिसरी-चौथीचा गणिताचा तास होतो, वेगळा उपक्रम काढायला नको.

जवळपास सगळीकडं एकच चित्र दिसेल. वजनात अन्न आणि पाला पुढं, नगाला नग मोजलं तर पाकिटं पुढं. ज्याला भंगारात भाव मिळतो असा माल थोडाच निघतो. म्हणजे शाळेचा बहुतांश कचरा शाळेच्या आवारातच जिरवता येतो, बाहेर पाठवायचं फार थोडं उरतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की गाडी येते की नाही, यावर अडून राहणं थांबतं.

हे शनिवारी करू नका. आहार शिजतो त्या दिवशी करा, आणि जमलं तर ज्या दिवशी पूरक आहारात केळी वाटली त्या दिवशी पुन्हा एकदा. रावेर-यावल पट्ट्यातल्या शाळेत केळीच्या दिवशी सालांचा ढीग बघितला की डब्याचा आकार कसा ठरवायचा ते लगेच समजतं.

"खिचडी रोज उरते"

अन्न वाया जाण्यावर पहिला इलाज खत नाही. तो ताटात आहे, त्याच्याही आधी पातेल्यात आहे. पहिली ते पाचवीसाठी शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी दीडशे ग्रॅम धान्य हा शासनाचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. चूक होते ती हजेरीच्या वेळेत. स्वयंपाकी मावशी पटावरच्या अंदाजानं तांदूळ मोजून मोकळ्या होतात आणि त्यानंतर हजेरी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत, गावच्या यात्रेच्या दिवशी, लग्नाच्या तिथीला हा फरक मोठा पडतो. परिपाठ संपल्याबरोबर वर्गवार हजेरी एका चिठ्ठीवर मावशींच्या हातात द्यायची आणि चिठ्ठी आल्याशिवाय तांदूळ भिजत घालायचा नाही, एवढा एक नियम बहुतेक शाळांत पातेलं हलकं करतो.

दुसरं वाढण्याचं. पहिलीच्या मुलाला आणि पाचवीच्या मुलाला एकाच डावानं वाढलं की लहान्याचं अर्धं ताट उष्टं राहतं. आधी कमी वाढा, मग पुन्हा एक फेरी घ्या. "अजून घे" असं म्हणणारं कुणी समोर उभं असेल तर मूल मागून खातं. दुसऱ्या फेरीला शिक्षक हजर हवेत, नाहीतर पातेलं लगेच झाकलं जातं. आणि ज्या दिवशी खूप उरतं, त्या दिवशी चव रजिस्टर, म्हणजे वाढण्याआधी अन्न चाखून केलेली नोंद, उघडून बघा. काही वेळा डाळ कच्ची असते किंवा मीठ चुकलेलं असतं, आणि दोष मुलांच्या खाण्याला दिला जातो.

तरीही जे उरतं त्याचे दोन भाग वेगळे ठेवा: पातेल्यातलं स्वच्छ अन्न आणि ताटातलं उष्टं. उष्टं गुरांना घालायची पद्धत गावोगाव आहे, ती चांगलीही आहे. पण शिजलेला भात एकाच जनावरानं एकदम खूप खाल्ला तर त्याला अपचन आणि पोटफुगी होते. बकरीला तर लवकर बाधतं. दोन-तीन घरांत थोडं थोडं वाटून द्या. त्या बादलीत पाकिटाचा तुकडासुद्धा जाता कामा नये, कारण प्लास्टिक गाईच्या पोटातून बाहेर पडत नाही. उष्ट्याच्या बादलीजवळ जेवणाच्या वेळी एक मोठं माणूस उभं असावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

ताटं धुण्याच्या पाण्याकडं कुणी बघत नाही. शितं त्या पाण्यातून शोषखड्ड्यात जातात, खड्डा तुंबतो आणि पावसाळ्यात हातधुणीजवळ चिखल आणि माशा. नळाखालच्या नालीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, ती रोज उलटी करून तिच्यातलं खताच्या हौदात टाका.

"खताला वास येतो, माशा होतात, मग आम्ही बंद केलं"

सगळ्यात जास्त उपक्रम इथंच बुडतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिली अडचण खड्ड्याची. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, आतला कचरा हवेविना कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. गावकरी तक्रार करतात, मुख्याध्यापक खड्डा बुजवतात. इलाज साधा आहे: खड्डा करूच नका. जमिनीवर विटा रचा, मध्ये मध्ये फटी ठेवा, सिमेंट लावू नका. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे दोन हौद पुरतात. एक भरत असताना दुसरा पिकत राहतो. विटांच्या फटीतून हवा खेळते, पाणी निथळतं.

पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत विटांच्या फटींची ही युक्ती आहेच. पण त्यांचा पूर्ण मापाचा हौद शेतासाठी आहे आणि तो एक-दोन दिवसांत एकदम भरायचा असतो. शाळेचा कचरा रोज बादली-अर्धी बादली येतो. योजनेतून मिळालेला मोठा नाडेप हौद कित्येक शाळांत म्हणूनच तळाला चार बोटं पाला घेऊन रिकामा पडलेला दिसतो. तो पाडायची गरज नाही. विटांनी आत आडवी भिंत घालून त्याचेच छोटे भाग करा.

गांडूळखताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खान्देशातल्या प्राथमिक शाळेनं त्यापासून सुरुवात करू नये. खताचे गांडूळ पस्तीस अंशांच्या वर तग धरत नाहीत. आपल्याकडं भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो आणि नेमकी त्याच वेळी शाळेला सुट्टी असते. पाणी मारायला कुणी नसतं. जूनमध्ये बेड उघडला की आत काहीच जिवंत सापडत नाही आणि मुलांचा उत्साह तिथंच संपतो. साधं कंपोस्ट असं मरत नाही. ते उन्हात थांबतं आणि ओल मिळाली की पुन्हा चालू होतं.

आता वासाचं मूळ कारण. उष्टं अन्न, भाजीची देठं, केळीची सालं यांत पाणी आणि नत्र जास्त. नुसतं तेवढंच टाकत गेलं तर ते चिकट होऊन कुजतं. जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण तीसास एक या प्रमाणात लागतं आणि तो कर्ब येतो वाळलेल्या पाल्यातून. व्यवहारात सांगायचं तर एक बादली ओलं टाकलं की त्यावर दोन ते तीन बादल्या वाळला पाला, आणि वरचा थर नेहमी पाल्याचाच. शित उघडं दिसलं की माशी आली.

इथं वर्षाचं गणित चुकतं. निंब आणि पिंपळाचा पाला आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो. तेव्हा तो झाडून जाळला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा खताला वास सुटतो, तेव्हा शाळेत वाळलं पान एकही नसतं. मार्चमधला पाला पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवला, तर पावसाळ्याचा प्रश्न तिथंच सुटतो. पोती पालकांकडून मागून घ्या. आहाराच्या तांदळाची रिकामी बारदानं नोंद बघितल्याशिवाय वापरू नका, त्यांचा हिशेब शाळेला ठेवावा लागतो. आणि पाल्याचा उघडा ढीग आवारात कधीच ठेवू नका, त्यात साप-विंचू बसतात. पोतं उघडणं, हौद हलवणं ही कामं मोठ्या माणसानं फावड्यानं करायची. मुलांनी वरून टाकायचं, आत हात घालायचा नाही.

हौदाच्या तळाला हवा खेळावी म्हणून काड्यांचा थर लागतो. इथं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, सहज मिळते, पण ती वापरू नका. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत दडून राहते, म्हणून कृषी विभागही पऱ्हाटी साठवू नका असंच सांगतो. तुरीच्या वाळल्या काड्या, म्हणजे तुराट्या घ्या. केळीचा खांबही कुणी आणून देईल. त्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो वाळल्या पाल्याच्या जागी मोजू नका. तुकडे करून ओल्यात धरा.

बिघाड ओळखायला नाक आणि मूठ पुरते. मुतारीसारखा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, पाला वाढवा. सडका वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी, फावड्यानं खालवर करा. मुंग्यांची रांग लागली म्हणजे कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. मधलं खत मुठीत घट्ट दाबलं आणि बोटांतून एक-दोन थेंब आले, तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कमी. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. जाड, करड्या अळ्या दिसल्या तरी काळजी नको. त्या उष्टं झपाट्यानं संपवतात, वर पाला घाला म्हणजे झालं. कुत्री आणि उंदीर यांच्यासाठी वर लोखंडी जाळीचं झाकण आणि त्यावर वीट.

उन्हाळी सुट्टीआधी शेवटचा हौद चांगला भिजवा, वर पाल्याचा जाड थर आणि ओलं पोतं घालून झाका आणि सोडून द्या. जूनमध्ये तो काळसर, मातीचा वास येणारा झाला असेल तर चाळून परसबागेत घाला. काही भाग अर्धवट राहिला असेल तर नव्या हौदाच्या तळाला तोच टाका, त्यानं नवं लवकर सुरू होतं. परसबाग नसेल तर आधी ती करा, निदान चार वाफे मेथी-पालकाचे. तयार खताला जागा नसेल, तर हा हौदसुद्धा पुढच्या वर्षी मागच्या भिंतीजवळचा ढीग होतो.

"वर्गातला कागद झाडताना सगळ्यात मिसळतो"

दोन-दोन डबे प्रत्येक वर्गात ठेवायचे नाहीत. वर्गात तयार होतो तो कागद आणि पेन्सिलीचा भुगा. तिथं एक पुठ्ठ्याचं खोकं बस्स, त्यावर कागदाचा खरा तुकडा चिकटवलेला, म्हणजे वाचता न येणाऱ्या पहिलीच्या मुलालाही कळतं. ओल्याची बादली फक्त जेवणाच्या जागी. पाकिटांचं पोतं फाटकाजवळ. ज्या जागी एकच प्रकारचा कचरा तयार होतो, तिथं चुकायला वाव राहत नाही.

कागद वेगळा असूनही मिसळतो तो झाडताना. सकाळी मुलं खराटा घेतात आणि माती, पाला, कागद, पाकीट सगळं एका सुपडीत गोळा होतं. आधी वेचायचं, मग झाडायचं, एवढा क्रम बदला. झाडल्यावर जे उरतं ते माती आणि पाला, ते बिनधास्त हौदात जातं.

आणि झाडतं कोण, हेही बघा. पुष्कळ शाळांत झाडू मुलींच्या हातात असतो आणि मुलं मैदानात. काही ठिकाणी त्याहून वाईट दिसतं: ठरावीक वस्तीतल्या मुलांनाच कचऱ्याचं काम सांगितलं जातं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हे तातडीनं थांबवायला हवं. हजेरीपटाच्या क्रमानं सगळ्यांची पाळी लावा, मुलगा-मुलगी बघू नका, आणि त्या यादीत शिक्षकांचीही नावं घाला. शिक्षक स्वतः बादली उचलताना दिसले की घरून येणाऱ्या तक्रारीही कमी होतात. शौचालयाची सफाई मात्र कोणत्याही मुलाच्या पाळीत येऊ नये.

कागद कमी करायचा तर वर्ष संपताना वह्यांची कोरी पानं काढून दाभणानं शिवून घ्या. कच्च्या कामाला वर्षभर पुरतात. एका बाजूनं छापलेले कागद चित्रकलेला. उत्तरपत्रिका आणि कार्यालयाचं दप्तर जतनाची मुदत संपल्याशिवाय रद्दीत देऊ नका, ही चूक निस्तरता येत नाही.

"पाकिटांचं काय करायचं तेच कळत नाही"

भंगारवाला पाकिटं घेत नाही, यात त्याचा दोष नाही. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करता येत नाहीत. उलट जळगावच्या एमआयडीसीत ज्या चटया बनतात त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, एकाच जातीच्या प्लास्टिकच्या. एकाच जातीचं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं. डबा किंवा बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो: १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा आकडा शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडतो आणि त्यातून त्यांना कळतं की सगळं प्लास्टिक सारखं नसतं.

पाकिटं बाटलीत ठासून भरून वीट बनवायचा उपक्रम सध्या खूप चालतो. साठवण म्हणून ठीक आहे, कारण पाकीट वाऱ्यानं उडत नाही आणि नाल्यात जात नाही. पण त्याची स्पर्धा लावू नका. बक्षीस "सर्वांत जास्त" पाकिटांना दिलं की मुलं पाकिटं मिळवायला आणखी पुडे विकत घेतात, दुकानासमोरून गोळा करून आणतात, आणि कचरा कमी व्हायच्या ऐवजी शाळेकडं वाहू लागतो. कौतुक करायचं तर ज्या वर्गाच्या पोत्यात या आठवड्यात सर्वांत कमी पाकिटं निघाली, त्या वर्गाचं करा.

कमी कशी होतील? फाटकासमोरच्या दुकानदार काकांशी भांडून काही होत नाही. बोलून होतं. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, मुरमुऱ्याचा चिवडा कागदाच्या पुडीत किंवा मुलाच्या डब्यात द्यायला बरेच जण तयार होतात, कारण त्यांचंही गिऱ्हाईक तेच राहतं. पालकसभेत आठवड्यातले दोन वार ठरवा, ज्या दिवशी दप्तरात पाकीट येणार नाही. सगळे वार एकदम ठरवले की आठवड्याभरात मोडतात. वाढदिवसाच्या दिवशी चॉकलेटांऐवजी केळी वाटायची पद्धत पाडली तर आपल्या भागात खर्चही वाढत नाही, आणि साल हौदात जातं.

कार्यक्रमांचा कचरा वेगळाच. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यांत प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल आहे. महाराष्ट्रात तर थर्माकोलच्या ताटल्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंच बंद झाल्या. तरी २६ जानेवारीला ते झेंडे आणि स्नेहसंमेलनाला ते थर्माकोल दिसतं. सातपुड्यातल्या शाळांत पळसाच्या पत्रावळी अजून मिळतात. मैदानी भागात शाळेची स्टीलची ताटं आहेतच.

तरीही उरलेली पाकिटं स्वच्छ, कोरडी करून पोत्यात साठवा. सिमेंटच्या भट्ट्यांत आणि डांबरी रस्त्यांत असं प्लास्टिक वापरलं जातं, पण ते तिथवर पोचवणारी व्यवस्था नगरपालिकेकडं किंवा ग्रामपंचायतीकडं लागते. ग्रामसेवकांना विचारा. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, त्यामुळं सुका कचरा गोळा करायची सोय काही गावांत झालेली आहे आणि शाळेला ती माहीतही नसते.

"भंगारवाला शाळेत येत नाही"

त्याला गाडीचं पेट्रोल सुटायला हवं. चाळीस पटाच्या शाळेतली महिन्याची रद्दी न्यायला कुणी येणार नाही. यावर आमच्या केंद्रात चाललेला मार्ग सांगते. दर महिन्याला शिक्षण परिषदेला सगळ्या शाळांचे शिक्षक एका जागी येतातच. येताना गाडीला बांधून कागद-पुठ्ठ्याचा गठ्ठा आणि बाटल्यांचं पोतं आणायचं, केंद्रशाळेच्या एका कोरड्या खोलीत ठेवायचं, आणि दिवाळीआधी व वार्षिक परीक्षेनंतर एकदम विकायचं. वजन शाळावार लिहायचं, पैसे शाळावार वाटायचे. गठ्ठा जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. पाट किंवा विटांवर ठेवा. ओला कागद, रंगाची चमकी लागलेला कागद आणि वह्यांच्या तारा आधीच काढा, नाहीतर भाव पडतो.

आलेला पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवा आणि तो कशाला वापरायचा ते मुलांना ठरवू द्या. झाडांना पाइप घेतला तर पुढची दोन वर्षं मुलं सांगतात, हा आमच्या रद्दीचा पाइप.

सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, बिघडलेले संगणकाचे भाग यांतलं काहीही भंगारात किंवा हौदात जाऊ नये. ट्यूबमध्ये पारा असतो. एक बंद खोकं कार्यालयात, मुलांच्या हाताला न लागणारं. सातवी-आठवीपर्यंत वर्ग असतील तर सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून टाकायला मुलींच्या शौचालयात झाकणाचा स्वतंत्र डबा लागतो, आणि तो कोण, कधी, कुठं रिकामा करणार हे मावशी-मॅडमनी मिळून ठरवलेलं असावं.

"जाळल्याशिवाय संपत नाही"

वरचं सगळं झालं तर जाळायला काही उरत नाही. ज्या शाळांत तरी धूर दिसतो तिथं बहुधा पाला आणि पाकिटं एकत्रच असतात. प्लास्टिकच्या धुरातले विषारी वायू शेजारच्या वर्गात बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसात जातात. नगरपालिका हद्दीतल्या शाळांसाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरा वेगळा करून देणं बंधनकारक केलं आणि उघड्यावर जाळायला मनाई केली. गावातल्या शाळेला नियम लागू आहे की नाही, हा वाद मला गौण वाटतो. काडी लावणारं माणूस बहुतेक वेळा शाळेबाहेरचं असतं, सफाईला आलेलं. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाला पोत्यात, पाकिटं पोत्यात, हे त्यांच्याशी बसून बोला आणि काडीपेटीची जागा आहाराच्या खोलीत ठेवा.

"वर्षभर चाललं, बदली झाली आणि बंद पडलं"

ज्या सरांनी किंवा मॅडमनी हे उभं केलं त्यांची बदली झाली, की जूनमध्ये नव्यानं शून्यापासून. बदल्या थांबणार नाहीत. म्हणून एक कागद कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि त्यात फक्त कामाचं लिहा: कोणता कचरा कुठं जातो, हौद कधी भरायला घेतला, पाल्याची पोती कुठं आहेत, भंगारवाल्याचा नंबर, उष्टं कोणत्या घरांत जातं, पाकिटांचं पोतं ग्रामपंचायतीत कुणाकडं द्यायचं. कारभार बदलताना दप्तरासोबत हा कागदही सोपवला अशी नोंद करा. समितीतल्या एका आईला आणि स्वयंपाकी मावशींना यातलं सगळं माहीत असू द्या, त्या बदलून जात नाहीत.

दोनशिक्षकी शाळांनी हे सगळं एकदम हाती घेऊ नये. आधी दोनच गोष्टी करा: हजेरीची चिठ्ठी मावशींना वेळेवर, आणि विटांचा एक हौद पाल्याच्या पोत्यांसह. एक सत्र हे नीट चाललं की कागदाचं खोकं ठेवा. पाकिटांना त्यानंतर हात घाला. आणि ज्यांच्याकडं यंदा पाल्याची पोती नाहीत, त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याकडून गव्हाचा भुसा किंवा कडब्याची कुट्टी मागून आणा. एवढ्यावर पावसाळा निघतो.